ड्रोनच्या कॅमेऱ्यात ४:३ कुठून आलं? दादासाहेब फाळके आणि एका चौकटीची गोष्ट

उरण तालुक्यातल्या द्रोणागिरीचा डोंगर, त्याच्या पायथ्याशी सिडकोनं वसवलेली वस्ती, पलीकडे जेएनपीए बंदराच्या क्रेन, मधे खाडी आणि खारफुटी. ड्रोनवाल्यांना हा परिसर आवडावा यात नवल नाही. (जवळपास नौदलाची ठिकाणं, बंदर आणि नवी मुंबई विमानतळ आहे, त्यामुळे उड्डाणाआधी सरकारचा एअरस्पेस नकाशा पाहून परवानगीची खात्री करणं आवश्यकच.) ड्रोन वर गेला की मोबाईलच्या पडद्यावर एक साधा प्रश्न येतो. फोटो ४:३ मध्ये काढायचा, ३:२ मध्ये की १६:९ मध्ये? बहुतेक जण १६:९ निवडतात, कारण तो पडदाभर दिसतो. पण अनेक लहान ड्रोनच्या कॅमेऱ्याचा सेन्सर मुळात ४:३ चा असतो. १२ मेगापिक्सेलचा पूर्ण फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा. १६:९ निवडलं की कॅमेरा वरची आणि खालची पट्टी कापतो, उरतात ४००० बाय २२५०. म्हणजे चौथा हिस्सा गेला. डोंगर उंच असेल तर जातो तो नेमका माथा किंवा पायथा.

हा ४:३ चा आयत ड्रोनवाल्यांनी शोधलेला नाही. डिजिटल कॅमेऱ्यांनी तो संगणकाच्या जुन्या मॉनिटरवरून घेतला, मॉनिटरनं टीव्हीवरून आणि टीव्हीनं सिनेमावरून. महाराष्ट्रात या आयतात पहिल्यांदा एक अख्खं कथानक बसवून दाखवलं ते त्र्यंबकेश्वरच्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी. दादासाहेबांचं चरित्र पौराणिक चित्रपटांचं म्हणून सांगितलं जातं, हट्टाचं म्हणूनही सांगितलं जातं. ते चौकटीचं चरित्र म्हणूनही वाचता येतं, कारण हा माणूस आयुष्यभर कुठल्या ना कुठल्या आयतात काहीतरी बसवत होता. आधी कागदावर, मग काचेवर, मग शिळाछापाच्या दगडावर आणि शेवटी फिल्मवर.

काचेवरचा आयत

३० एप्रिल १८७० रोजी त्यांचा जन्म झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान. त्यांना मुंबईत अध्यापनाचं काम मिळालं आणि कुटुंब मुंबईला आलं. १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकू लागले. पुढच्याच वर्षी थोरल्या भावासोबत बडोद्याला गेले आणि तिथल्या कलाभवनात शिकले. तैलरंग, वास्तुकला, मातीची शिल्पं असं सगळं. छायाचित्रणाचा नाद लागला तोही तिथेच. कलाभवनाचे प्राचार्य गज्जर यांनी या विद्यार्थ्याची ओढ ओळखली, स्टुडिओ वापरायला दिला आणि ठसे बनवण्याचं, छपाईचं तंत्र शिकायला रतलामला पाठवलं.

छायाचित्रणाचा धंदा करायचा म्हणून ते गोध्र्याला गेले. तिथे प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल दोन्ही गेले. बडोद्याला परतून पुन्हा दुकान थाटलं, तर कॅमेऱ्यासमोर बसलं की आयुष्य कमी होतं अशी अफवा होती. गिऱ्हाईक येईना. मग काही काळ जादूचे प्रयोग, नाटकांचे पडदे रंगवणं, असं जमेल ते केलं. आडनावाची अक्षरं उलटी करून प्रोफेसर केल्फा या नावानं त्यांनी जादू दाखवली, हा तपशील गमतीचा वाटतो. पण पडद्यावरच्या पुढच्या करामतींचं मूळ इथे आहे. प्रेक्षकाची नजर कुठे वळवायची आणि त्याला काय दिसू द्यायचं नाही, हे जादूगाराला आधी ठरवावं लागतं. चौकट ठरवणाऱ्याचं कामही तेच.

१९०२ मध्ये त्यांचं दुसरं लग्न झालं, पत्नी सरस्वतीबाई. पुढच्या वर्षी भारतीय पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरी लागली. त्या काळी छायाचित्रकार काचेच्या पट्ट्या वापरत. सर्वांत रूढ असलेली पूर्ण आकाराची काच साडेआठ बाय साडेसहा इंचांची होती. भागाकार केला तर १.३१ येतात, म्हणजे ४:३ च्या अगदी जवळ. सिनेमाचा कॅमेरा हाती येण्याच्या कितीतरी आधी त्या पिढीतल्या छायाचित्रकारांच्या डोळ्याला याच मापाच्या आयताची सवय झालेली होती. देवळाचं शिखर मावत नसेल तर मागे सरा किंवा काच उभी लावा, याखेरीज तिसरा उपाय नव्हता. काच महाग, जड आणि फुटणारी. वीस फोटो काढून त्यातला एक निवडू, ही चैन कुणालाच परवडत नव्हती.

सरकारी नोकरीत ते रमले नाहीत. १९०६ मध्ये नोकरी सोडून लोणावळ्याला छापखाना काढला. तिथे राजा रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी शिळाछापाचं काम केलं. घरोघरी भिंतीवर लागलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या त्या तसबिरी उभ्या आयतातल्या. मधोमध देवता, डोक्यामागे थोडी मोकळी जागा, पायाशी कमळ किंवा मोर. देव पूर्ण दिसला पाहिजे, मुकुटापासून पावलांपर्यंत, हा त्या चित्रांचा अलिखित नियम. फाळक्यांनी तो हातानं गिरवला आणि पुढे आडव्या चौकटीतही सोडला नाही.

पुढे भागीदारीत दादरला मोठा छापखाना उभा राहिला, रंगीत छपाईची यंत्रं आणायला ते १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. मग भागीदारांशी बिनसलं. चाळिशी उलटलेला माणूस, हातात उत्तम कसब, पण काम नाही.

डोळे पणाला

१९१०-११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि असाच राम-कृष्णांचा चित्रपट आपल्याकडे का नाही, या प्रश्नानं त्यांना पछाडलं, ही गोष्ट मराठी वाचकाला पाठ आहे. त्यानंतरचे महिने कमी सांगितले जातात. ते रोज चित्रपट पाहत, घरी येऊन खेळण्यातल्या प्रोजेक्टरवर फिल्मचे तुकडे फिरवत, झोपेला वेळ उरत नसे. ताणानं दृष्टीच गेली. काही काळ दिसेनासं झालं. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी आणि वेगवेगळ्या चष्म्यांच्या मदतीनं ती परत आली. ज्याचं सगळं पोट डोळ्यांवर, त्यानं बरं होताच तेच काम पुन्हा हाती घेतलं आणि त्यासाठी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या.

१ फेब्रुवारी १९१२ ला ते लंडनला निघाले. तिथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांना चित्रपट-निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याकडे नेलं आणि स्टुडिओचं काम जवळून पाहायला मिळालं. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा ५० पौंडांना घेतला. कोडॅकची कच्ची फिल्म आणि फिल्मला छिद्रं पाडायचं यंत्र यांची मागणी नोंदवली. १ एप्रिलला ते परत आले.

छिद्रं पाडायचं यंत्र कशाला? चौकटीचं माप त्या छिद्रांवर ठरतं म्हणून. अमेरिकेत एडिसनच्या प्रयोगशाळेतल्या विल्यम डिक्सन यांनी १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला ईस्टमन कंपनीची ७० मिलिमीटर रुंद फिल्म उभी चिरून ३५ मिलिमीटरची केली. दोन्ही कडांना छिद्रं पाडली आणि एका चित्रासाठी प्रत्येक बाजूला चार छिद्रं धरली. छिद्रांच्या मधे उरलेली रुंदी साधारण २४ मिलिमीटर, चार छिद्रांच्या उंचीत बसणारं चित्र साधारण १८ मिलिमीटर. २४ बाय १८, म्हणजे ४:३. सौंदर्यशास्त्राचा कुठलाही ग्रंथ यामागे नव्हता. फिल्म वाया जाऊ नये आणि यंत्रात ती सरळ सरकावी, एवढाच हिशेब. १९०९ मध्ये पॅरिसला जमलेल्या निर्मात्यांनी ३५ मिलिमीटरचं हे माप सर्वांसाठी मान्य केलं. त्यामुळे तीन वर्षांनी फाळक्यांनी लंडनमध्ये घेतलेल्या कॅमेऱ्यातही तीच चौकट होती.

कच्ची फिल्म छिद्रांविना यायची. दादरच्या घरात रात्रीच्या अंधारात ती छिद्रं पाडण्याचं काम सरस्वतीबाईंनी शिकून घेतलं. रसायनं मिसळणं, फिल्म धुणंही त्याच करत. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक आणि उन्हाचा कवडसा नटांच्या तोंडावर पाडायला पांढरी चादर धरून उभं राहणं, हे वेगळंच. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट. फूटभर फिल्ममध्ये १६ चित्रं, म्हणजे सुमारे ५९ हजार चौकटी. चौकटीमागे दोन्ही कडांची मिळून आठ छिद्रं धरली तर पावणेपाच लाख. हा हिशेब फक्त पडद्यावर आलेल्या लांबीचा, वाया गेलेली फिल्म यात नाही. भारतीय सिनेमाची पहिली चौकट कुणी आखली, या प्रश्नाच्या उत्तरात सरस्वतीबाईंचं नाव दुसऱ्या क्रमांकावर टाकणं अवघड आहे.

वाटाण्याचा वेल

चित्रपटासाठी पैसे हवे होते, आणि सावकाराला तोंडी सांगून काही पटणारं नव्हतं. फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा पक्का बसवला आणि ठरावीक अंतरानं एकेक चौकट टिपत राहिले. दाणा फुटला, कोंब वर आला, वेल चढला. ‘अंकुराची वाढ’ नावाची ही फिल्म मिनिटभराची. सेकंदाला १६ चौकटी धरल्या तर सुमारे ९६०. आज याला टाइम-लॅप्स म्हणतात आणि ड्रोनच्या ॲपमध्ये त्याचं बटण असतं.

बटण असलं तरी चौकटीचा प्रश्न मात्र तोच आहे. पहिल्या दिवशी कुंडीत फक्त माती आहे. चौकट मातीच्या मापानं आखली तर पंधराव्या दिवशी वेल चौकटीबाहेर जाईल, आणि तोवर कॅमेरा हलवला तर आधीचं सगळं वाया. म्हणजे जे अजून उगवलेलंच नाही त्याच्यासाठी वर जागा सोडावी लागते. द्रोणागिरीच्या डोंगराकडे झेपावत जाणारा ड्रोनचा व्हिडिओ करणाऱ्यालाही हेच करावं लागतं. सुरुवातीला डोंगर लहान दिसतो आणि चौकट रिकामी वाटते. डोंगर जवळ आल्यावर माथा मावेल, हे उड्डाणाआधीच ठरवायचं असतं.

वाटाण्यानं काम केलं. छायाचित्रणाच्या सामानाचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांनी ती फिल्म पाहिली आणि कर्ज दिलं. उरलेली भर सरस्वतीबाईंच्या दागिन्यांनी घातली.

मुकुटापासून पावलांपर्यंत

तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळाली नाही, म्हणून ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहातले अण्णा साळुंके तारामती झाले. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दामोदर दाबके आणि रोहिदास झाला फाळक्यांचा स्वतःचा मुलगा भालचंद्र. कॅमेरा त्र्यंबक तेलंग यांनी चालवला. २१ एप्रिल १९१३ ला ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये तो सर्वांसाठी लागला.

या चित्रपटाच्या उपलब्ध तुकड्यांत राजा मुलाला धनुर्विद्या शिकवताना दिसतो. कॅमेरा एका जागी स्थिर, माणसं डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण दिसतात, भोवती थोडी मोकळी जागा. आजच्या प्रेक्षकाला हे नाटकासारखं वाटतं, आणि ते तसं आहेही. पण ४:३ च्या चौकटीत उभा माणूस नीट मावतो आणि त्याच्या बाजूला आणखी तीन-चार माणसं मावतात. दरबार, कुटुंब, ऋषी आणि शिष्य असा पुराणातला समूह याच आकारात बसतो. तोच समूह १६:९ च्या लांबट पट्टीत बसवायचा तर माणसं लहान करावी लागतात किंवा दोन्ही बाजूंना जागा रिकामी सोडावी लागते.

म्हणूनच फाळक्यांचे जुने तुकडे आजच्या रुंद पडद्यावर भरण्यासाठी वर-खाली कापले जातात, तेव्हा नुकसान मोठं असतं. चौथा हिस्सा उंची गेली की एकतर मुकुट जातो, नाहीतर पाय. कापण्याऐवजी ताणून भरले तर तारामती आणि हरिश्चंद्र दोघंही बुटके, रुंद दिसतात. जुनी फिल्म दाखवताना दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या तर ते बिघाडाचं लक्षण नाही. चित्र पूर्ण दाखवलं जात असल्याची ती खूण आहे.

फाळक्यांची चौकट कायम दूरचीच राहिली, असंही नाही. ऑक्टोबर १९१३ मध्ये त्यांनी बस्तान नाशिकला हलवलं. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या स्त्रियांनी पडद्यावर पाऊल ठेवलं. १९१४ मध्ये लंडनची दुसरी वारी झाली, युद्ध भडकलं, पैसा आटला. १९१७ च्या ‘लंकादहन’नं तो परत आणला. राम आणि सीता दोन्ही साळुंकेच, मारुतीचं उड्डाण, पेटलेली लंका. या चित्रपटाच्या कमाईची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, असं सांगतात.

उरणचा द्रोणागिरी म्हणजे संजीवनीसाठी मारुतीनं उचललेल्या पर्वताचा वाटेत पडलेला तुकडा, अशी आख्यायिका तिकडे सांगितली जाते. मारुतीला वरून ही भूमी कशी दिसली असेल, हे दाखवायला फाळक्यांकडे ड्रोन नव्हता. त्यांनी उलट बाजू घेतली, जमिनीवरच्या माणसाला उडणारा मारुती कसा दिसेल ते दाखवलं. त्यासाठी चौकटीत आकाशाला जागा हवी, आणि ४:३ मध्ये ती जागा मिळते. उंच आणि खोल असा विषय असेल तर आजही ड्रोनवाल्यानं हाच आकार धरावा. समुद्राची किनार, क्रेनची रांग, खाडीवरचा पूल असं आडवं पसरलेलं काही असेल तर १६:९ शोभतो. आणि ठरत नसेल तर पूर्ण ४:३ मध्ये टिपून घरी कापावं, कारण कापलेलं पुन्हा जोडता येत नाही. मोबाईलसाठी उभा ९:१६ कापायचा तर ४००० बाय ३००० मधून रुंदीचे जेमतेम १,६८७ पिक्सेल उरतात. निम्म्याहून जास्त चित्र जातं, हे आधी माहीत असलेलं बरं.

१९१८ मध्ये भांडवलदार भागीदारांसोबत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. ‘श्रीकृष्ण जन्म’ आला आणि १९१९ मध्ये ‘कालिया मर्दन’. बाळकृष्णाची भूमिका फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी हिनं केली. या चित्रपटाच्या सुरुवातीला चक्क तिचा चेहरा जवळून दिसतो, एकामागून एक भाव बदलत जाणारा. मुकुट नाही, दरबार नाही, पावलंही नाहीत. तसबिरीचा नियम मोडायचा तर काय मिळायला हवं, हे फाळक्यांना नेमकं कळलेलं होतं. मूकपटांतल्या आज पाहता येणाऱ्या दृश्यांत या मुलीच्या चेहऱ्याला तोड नाही.

आवाजासाठी कापलेली पट्टी

भागीदारांशी पुन्हा खटके उडाले. फाळके काशीला निघून गेले, तिथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिलं, मग परत येऊन कंपनीसाठी काम करू लागले. पण आता ते मालक नव्हते. चित्रपट होत राहिले, पूर्वीसारखी चमक नव्हती.

१९३१ मध्ये ‘आलम आरा’ बोलला आणि मूकपटांचे दिवस भरले. यातली एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. आवाज आला तो चित्राची जागा खाऊन. ध्वनीची पट्टी फिल्मच्या एका कडेला, छिद्रं आणि चित्र यांच्या मधे बसवावी लागली. चित्र अरुंद झालं, जवळजवळ चौरस. ते डोळ्याला खटकलं म्हणून हॉलिवूडनं १९३२ पासून वरून-खालूनही कातर लावली आणि सुमारे २२ बाय १६ मिलिमीटरची नवी चौकट रूढ केली. आकार पुन्हा ४:३ च्या आसपास आला, पण चित्र लहान झालं. मूकपटांच्या पूर्ण चौकटीवर ध्वनिपट्टी छापली तर एका बाजूची पट्टी झाकली जाते, आणि मधोमध रचलेलं दृश्य एकीकडे कललेलं दिसतं.

फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ याच वळणावर सापडला. मूकपट म्हणून काढलेला हा चित्रपट प्रदर्शनासाठी बोलका करावा लागला, पैसा भरपूर गेला आणि धंदा बेताचा झाला. त्यानंतर वयाच्या ६७ व्या वर्षी, कोल्हापूर सिनेटोनसाठी, त्यांनी ‘गंगावतरण’ केला. १९३७ चा हा त्यांचा एकमेव मुळापासून बोलपट. तो शेवटचाही ठरला.

उरलेली वर्षं नाशिकला गेली. पैसा नव्हता, काम मागायला कुणी येत नव्हतं. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं. त्यांच्या नावाचा पुरस्कार त्यानंतर २५ वर्षांनी, १९६९ मध्ये सुरू झाला.

चित्रपटांपैकी फारच थोडं उरलं आहे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबीयांकडून जे मिळालं ते गोळा केलं. ‘राजा हरिश्चंद्र’चे पहिले आणि शेवटचे रीळ म्हणून सुमारे १,४७५ फूट फिल्म जपलेली आहे. ती १९१३ ची की फाळक्यांनीच १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या हरिश्चंद्राची, यावर अभ्यासकांत एकमत नाही. ‘लंकादहन’चा एक तुकडा आहे. ‘कालिया मर्दन’ त्यातल्या त्यात बराच शिल्लक आहे, आणि मंदाकिनीचा तो चेहरा त्यात आहे.